बिनटोपीचा खिळा

"अरे खिला आना कोनीतरी! फर्निचरवाल्याचे घरान एक खिला भेटंना?"

बाळारामदादा दारात उभा राहून ओरडत होता. अंगणात तिरडी बांधून तयार होती, तिच्यावर त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मित्र काशिनाथ म्हात्रे, आयुष्यात पहिल्यांदाच गप्प पडला होता, आणि अख्खी मोरिवली खिळा शोधत होती. मोरिवलीच्या जुन्या घरांत एक रीत आहे. माणूस शेवटचा घराबाहेर पडला की त्याच्या पाठोपाठ उंबऱ्यात एक लोखंडी खिळा ठोकायचा, म्हणजे तो पुन्हा आत येत नाही. त्यातून काशा गेला तो अर्धवट कपाटासमोर बसून, आणि काम अर्धं टाकून उठलेला माणूस ते पुरं करायला येतोच, असं दादाचं म्हणणं. शेजाऱ्यांकडं खिळे होते, पण देईना कोणी. दुसऱ्याच्या घरचा खिळा लावला तर मेलेला चुकून त्या घरी जातो म्हणे. एका म्हातारीनं तर स्वतःच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा खिळा कोणी उपटू नये म्हणून दाराला आतून कडी लावली. आणि काशाच्या शेडमध्ये, जिथं आजवर हजारो सांधे बसले, तिथं टोपीचा खिळा एकही नव्हता. हवेवर चालणारी, खिळे मारायची गन घेतली त्या आठवड्यात त्यानं खिळ्यांचे डबे आणि हातोडी भंगारवाल्याला देऊन टाकली होती, वाजत गाजत.

त्या गोंधळात मंदावहिनी, काशाची बायको, भिंतीला टेकून बसली होती. ती एकदाच बोलली. "खिळा नका मारू दादा. त्यांचं घर आहे."

दादा तिच्याकडं न बघता म्हणाला, "व्हतं."

मग वहिनी उठली. बायका तिला धरायला गेल्या तर त्यांचे हात बाजूला करून ती समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. थोड्या वेळानं हवेची नळी मागं ओढत बाहेर आली, आणि काशाची गन माझ्या हातात ठेवून पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली. दादाचे डोळे भरून आले. बाईचं काळीज बघा, म्हणाला. मी बौद्ध, आमच्या घरानं असल्या रीती आजोबांच्या वेळीच सोडल्या. पण तिथं जमलेल्यांत ती गन चालवता येणारा मी एकटाच. ती गन मी ओळखत होतो. तिला पसंत करायला काशाबरोबर मीच गेलो होतो…

काशा आणि मी आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत बरोबर लागलो. मी बॉयलरवर, तो पॅकिंगला, लाकडी खोकी ठोकायला. त्याचा आवाज असा की तो शिंकला तर शेजारच्या प्लांटचे लोक सायरन समजून मैदानात जमायचे. वाचकांनी यातलं निम्मं सोडून द्यावं, पण निम्मं ठेवावं. पुढं कंपनीनं लाकडी खोकी बंद केली, तेव्हा काशानं राजीनामा दिला तोसुद्धा ओरडून, आणि घरासमोर पत्रे टाकून फर्निचर सुरू केलं. हात चांगला होता. पण हातापेक्षा त्याला कानाचा गर्व फार. फळीला कान लावायचा आणि सांगायचा, हे झाड विहिरीजवळचं होतं, हे रस्त्याकडेचं, याच्यावर कावळ्याचं घरटं होतं. खोटं ठरवणार कसं? झाड तर कापलेलं.

हातोडीनं त्याचा खांदा गेला तेव्हा गन घ्यायचं ठरलं. डब्यावर ब्रॅड नेलर असं छापलेलं असतं, आमच्याकडं सगळे गनच म्हणतात. कॉम्प्रेसरमध्ये हवा भरायची, नळी जोडायची, तोंड लाकडावर टेकवून घोडा दाबायचा. फट्. खिळा आत. ती बघायला आम्ही उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात लच्छूशेठकडं गेलो. लोक मुलगी बघायला जाताना कपडे नीट करतात, काशानं पिशवीभर लाकडाचे तुकडे नेले होते. सागाचे, प्लायच्या कडा, पाइनच्या पट्ट्या. लच्छूशेठचं दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत शिरलं की शेठनं श्वास सोडायचा आणि शेठनं श्वास घेतला की गिऱ्हाइकानं बाहेर. तिथं काशानं सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत गोळीबार केला. बाजारातले लोक दंगल झाली का म्हणून डोकावून जात होते.

पहिली गन जाड खिळ्याची. ताकद जबरदस्त, पण प्लायच्या कडेवर टेकवली आणि कड पापडासारखी फुटली. दुसरी अगदी बारीक पिनची. भोक दिसतसुद्धा नव्हतं, शोधायला भिंग लागेल. काशानं दोन फळ्या जोडल्या, हातानं ओढल्या, आणि त्या भांडण झालेल्या भावांसारख्या दोन बाजूंना गेल्या. मग आली ब्रॅडची. खिळा सुईपेक्षा थोडा जाड, डोक्यावर टोपी नाही, एकाला एक चिकटून पट्टी केलेले. लाकूड फुटत नाही आणि सांधा हलत नाही. मी म्हटलं, एवढासा खिळा कपाट धरून ठेवील? तर काशा आणि लच्छूशेठ दोघं मिळून माझ्यावर हसले. काशा म्हणाला, "खिळा काही धरत नाही रे. गोंद सुकेपर्यंत दोन फळ्यांना हलू देत नाही, एवढंच त्याचं काम. पुढं धरतो तो गोंद."

ब्रॅडच्याही दोन निघाल्या. एकीला बारीकशी खिडकी, आत किती खिळे उरले ते दिसणार, आणि खिळे संपले की घोडाच दबायचा नाही. दुसरी हलकी, हातात छान बसणारी, पण खिडकी नाही आणि अडवणं नाही. रिकामी असली तरी फट् वाजणार. लच्छूशेठनं भल्याचं सांगितलं, "काशिनाथभाई, पहलीवाली ले जाओ. दूसरी खाली चलेगी तो भी यही आवाज़ देगी. धोखा खाओगे."

काशानं दोन्ही गन रिकाम्या करून लाकडावर टेकवल्या, कान जवळ नेला आणि घोडा दाबला; पहिलीचा दबलाच नाही, दुसरी वाजली. डोळे मिटले. मग दुसरी उचलली. म्हणाला, कधी थांबायचं ते जी वस्तू स्वतः ठरवते ती माझ्या कामाची नाही. थांबायचं कधी ते मी ठरवणार. आणि कानाला फसवणारा अजून जन्माला यायचाय.

तो जन्माला आला तो बदलापुरात. तिथल्या एका शाळेतल्या बाईंना काशानं शोकेस करून दिलं. बाई हौशी, त्यात कपबश्या, ट्रॉफ्या, काचेचे हंस मांडले. गणपती गेले, दिवाळी गेली, आणि एका भर दुपारी, घरात पंखासुद्धा बंद असताना, कोणी हात न लावता त्या शोकेसची एक बाजू हळूच बाहेर कलली. पडली नाही म्हणे, कलली… कोणी झोपेत कूस बदलावी तशी. मग हंस एकेक करून उतरले. आम्ही जाऊन बघतो तर त्या बाजूला गोंदाचं बोट फिरवायचं राहिलेलं, आणि खिळा एकही नाही. पट्टी मध्येच संपली होती आणि काशा रिकामी गन वाजवत तळापर्यंत गेला होता. फळीवर, खिळा आत ढकलते त्या गनच्या जिभेचे नुसते चेपे, ओळीनं, मुंग्यांनी दात लावावेत तसे.

बाई शिकलेल्या. त्यांनी ओरडण्याऐवजी विचारलं, "मग इतके महिने हे उभं कशावर होतं, म्हात्रे?"

काशा खाली बसून चेप्यांवरून अंगठा फिरवत होता. त्यानं वर न बघता सांगितलं, "सवयीवर, बाई."

मी रिक्षात पोट धरून हसलो. काशा हसला नाही. उतरताना एवढंच म्हणाला, की अरे मी गंमत नव्हतो करत.

त्यानंतर त्यानं गन बदलली नाही, बदलला तर काशा कसला. गणपती मंडळाचा एक स्पीकर फुटला होता, त्यातलं चुंबक काढलं, परकराच्या नाडीत ओवलं आणि गळ्यात घातलं. सांधा मारून झाला की चुंबक त्याच्यावरून फिरवायचं. आत खिळा असेल तिथं ते टक् करून चिकटायचं. कुठं गप्प राहिलं की काशा शिवी घालायचा, आपल्यालाच. गावातली पोरं त्याला चुंबकबाबा म्हणायची. आणि पट्ट्या भरायचं काम त्यानं मंदावहिनीकडं दिलं, कारण त्याची बोटं केळ्यांएवढी आणि ती पट्टी नाजूक. वहिनी दुपारची भांडी आवरून यायची, पट्टी सरकवायची, टोक बोटानं चाचपायची आणि म्हणायची, भरली. ती गन तिनं एकदाही चालवली नाही. आवाजाला भ्यायची. फट् झालं की दर वेळी डोळे मिटायची, इतक्या वर्षांत सवय म्हणून झाली नाही. पण नुसती उचलून भरलेली की रिकामी ते सांगायची, वजनावरून. काशाचा कान आणि वहिनीचा हात, असं ते दुकान होतं.

आता तो दिवस. वाचक मला ओळखतात, माझ्या गोष्टीत म्हशी उडतात. इथं मी काही उडवत नाहीये. कॉम्प्रेसरची नळी एका जोडाला गळायची. काशा ती दुरुस्त करीन करीन म्हणत राहिला होता. त्यामुळं बटण चालू ठेवलं की काम करा न करा, हवा सावकाश गळायची, टाकी रिकामी होत आली की कॉम्प्रेसर आपोआप धडधडून भरायचा, भरला की थांबायचा. मोठं जनावर झोपेत श्वास घेतं ना, तसा. त्या दुपारी वहिनी घरात तांदूळ निवडत होती. बाहेर कॉम्प्रेसर चालू होत होता, थांबत होता, चालू होत होता. म्हणजे हे काम करतायत. तिनं चहा टाकला, हाक मारली. काशाचा नियम होता, चहा शेडमध्ये प्यायचा नाही, भुसा पडतो. हात झटकून उंबरा ओलांडून आत यायचं, बैठकीवर बसायचं आणि बशीतून फुर्र करून प्यायचा. दुसऱ्या हाकेलाही आला नाही तेव्हा ती गेली. काशा स्टुलावर बसून होता, कपाळ कपाटाच्या बाजूला टेकवून, लाकूड ऐकत असल्यासारखा. चुंबक मुठीत. हात गार.

डॉक्टर म्हणाले, होऊन बराच वेळ झालाय. म्हणजे ती ज्याचं काम ऐकत होती तो केव्हाच… मी तिला समजावलं, वहिनी, तो कॉम्प्रेसर आपोआप चालतो. तर ती शांतपणे म्हणाली, "कॉम्प्रेसर मला कळतो भाऊजी. मी गन ऐकली."

मी विषय बदलला. कपाट मी नीट बघितलं होतं. डावी बाजू खिळे मारून पुरी, उजवी नुसती गोंद लावून शिकंज्यांत आवळलेली. पाच शिकंजे, वरपासून खालपर्यंत. तिथं अजून गन पोचली नव्हती.

तर अशी ती गन माझ्या हातात, समोर उंबरा, मागं गाव. घर स्लॅबचं झालं तरी उंबरा आजोबांच्या वेळचा सागाचा ठेवलेला. तेवढ्यात तीच कॅलेंडरवाली म्हातारी कडी काढून आली आणि तिनं हरकत घेतली, "त्याला टोपी नाय रं. तो आतमंदी जाऊन बसंल, आडवंल कसा?" यावर तिरडीशेजारी चर्चा झाली. कोणी म्हणालं, टोपी लाकडासाठी असते, मेलेल्याला काय टोपीचं. कोणी म्हणालं, मग दोन मारा. मला काशाची फार आठवण आली, तो असता तर या विषयावर संध्याकाळपर्यंत भांडला असता. शेवटी दादा म्हणाला, लोखंड हाय ना, झालं. मार रे.

मी तोंड टेकवलं, घोडा दाबला. फट्. तोच आवाज, मनगटाला तोच झटका. बायकांनी पदर सावरले, माणसांनी श्वास सोडला. वहिनीकडं माझं लक्ष गेलं. डोळे उघडे होते तिचे, माझ्या हाताकडं बघत होती. तिरडी उचलली, आणि त्याच क्षणी शेडमधला कॉम्प्रेसर धडधडत सुरू झाला. टाकीतली हवा कमी झाली होती, बस, एवढंच. पण चारी खांदेकरी जागच्या जागी थिजले. दादानं तोंड फिरवून जोरात बटण बंद करायला सांगितलं. ते कोणीतरी केलं. मग निघालो.

काही आठवडे गेले. गेल्या रविवारी दादाचा फोन आला. शेडमधलं सामान विकून टाकू, लच्छूशेठला विचार, वहिनी एकटी काय करणार त्याचं. मी म्हटलं, आधी बघून येतो काय काय आहे. दुपारी गेलो. ऊन असं की कुत्री भिंतीच्या सावलीत सरळ रेषेत झोपलेली. काशाच्या घराच्या वळणावर आलो आणि पाय थांबले. कॉम्प्रेसर चालू होता. धडधडला, भरला, थांबला. मग शांतता… त्या शांततेत गळणाऱ्या नळीची बारीक फुस्स रस्त्यापर्यंत ऐकू येत होती.

शेडचं दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं. गन नळीला लावून टेबलावर ठेवलेली, नेहमीसारखी, तोंड भिंतीकडं. चुंबक खुंटीला टांगलेलं. कपाट उभं होतं. शिकंजे काढून भिंतीवर ओळीनं लावले होते, मोठ्यापासून लहानापर्यंत, काशा लावायचा तसे. गोंद सुकला की शिकंजे कोणीही काढील, वहिनीनं काढले असतील. मी खुंटीवरचं चुंबक घेतलं, उगाच, हाताला काहीतरी हवं म्हणून. डाव्या बाजूवरून फिरवलं. टक्, टक्, टक्. उजव्या बाजूला लावलं. त्या बाजूला खिळा नव्हता, हे मी त्या दिवशी या डोळ्यांनी बघितलं होतं. वरच्या कोपऱ्यात चुंबकानं माझा हात ओढला. टक्. खाली सरकलो. टक्. तळापर्यंत, सारख्या अंतरावर, एकही जागा चुकली नव्हती. मी स्टुलावर बसायला गेलो आणि बसलो नाही.

ओट्यावरून वहिनी म्हणाली, भाऊजी, आत या, चहा टाकलाय. मी चुंबक हातात घेऊनच गेलो. विचारलं, कोणी कारागीर लावलात काय? नाही म्हणाली. मग म्हटलं, हा कॉम्प्रेसर? तर म्हणाली, दुपारचं बटण मी लावते, नाहीतर घर फार गप्प होतं. बास. तेवढं मला पटलं, म्हणजे पटवून घेतलं. कपाटाचं मी विचारलं नाही. गन चालवायला ती शिकली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आवाजाला भिणारी माणसं एकटी राहिली की बरंच काही शिकतात. आत जाताना उंबऱ्याशी मात्र थबकलो. त्यावर माझा खिळा होता. ओणवा होऊन चुंबक फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा फिरवलं. चुंबक दगडासारखं गप्प. अंगठ्यानं चाचपलं तेव्हा मधोमध एक बारीक चेपा लागला, मुंगीनं दात लावावा एवढा.

वर बघितलं. वहिनी कप मांडत होती. एक माझ्यासमोर ठेवला, एक स्वतःकडं घेतला, आणि तिसरा, बशीसकट, बैठकीवर काशाच्या जागी. बाहेर कॉम्प्रेसर भरून थांबला होता.

"वहिनी," मी म्हटलं, "उंबऱ्यात खिळा नाहीये."

ती गाळणी झटकत म्हणाली, "पट्टी मी आधीच काढून ठेवली होती. चहाला आत यायला लागतं त्यांना."